सुशीचं उद्यापन

जपानी माणूस सकाळी उठल्यावर पहिल्यांदा काय करतो, हे डोंबिवली पश्चिमेत कुणाला जाणून घ्यायचं असेल तर त्याने परशुराम खडप्यांना विचारावं, आणि घाईत असेल तर मुळीच विचारू नये. खडप्यांचा जपानी माणूस उठायचा, पांघरुणाची घडी घालायचा, आणि तो चहापर्यंत पोचेस्तोवर विचारणाऱ्याच्या घरचा चहा दोनदा गार व्हायचा. झालं होतं असं, की सन त्र्याऐंशीत एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीने खडप्यांना नवं मशीन शिकायला तीन आठवडे ओसाकाला पाठवलं होतं. तीन आठवडे हो! त्या तीन आठवड्यांवर या माणसाने दहा वर्षं काढली. कोपरच्या बाजूला त्यांना सगळे 'जपान खडपे' म्हणत. रिक्षावाल्याला एवढं नाव सांगितलं की तो बरोबर दारात आणून सोडी. हळदीकुंकवाला बाकीच्या बायका सतरंजीवर बसत आणि मंदाकिनीबाईंना मात्र 'जपानवाल्या काकू' म्हणून खुर्ची मिळे.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. खडप्यांनी जपानात जपानी अन्नाचा एक घासही खाल्ला नव्हता.

हसू नका, ऐका. माणूस मूळचा संगमेश्वरकडचा, माशांवर जीव. पण मासा म्हटला की त्याला हळद-तिखट लागलं पाहिजे, कोकमाचं आगळ लागलं पाहिजे आणि खालून सणसणीत जाळ पाहिजे, अशी त्यांची साधी समजूत. ओसाकात पहिल्याच संध्याकाळी यजमानांनी पुढ्यात बशी ठेवली. बशीत भाताचा मुटका, मुटक्यावर गुलाबी कच्च्या माशाचा काप. खडप्यांनी एका हाताने पोट धरलं, दुसऱ्या हाताने बशी सरकवली आणि 'स्टमक' एवढा एकच शब्द उच्चारून ते खोलीवर गेले. तिथे बॅगेत मंदाकिनीबाईंनी दिलेले डिंकाचे लाडू होते, चिवडा होता, मेतकूट होतं. खोलीत भात करायची सोय होती. झाला जपान! परत आल्यावर रिकामे डबे मंदाकिनीबाईंनीच घासले. त्या समजायचं ते समजल्या आणि नवरा भिंतीला टेकून सुशीच्या चवीचं वर्णन करायला लागला की उठून आत जायला लागल्या. जगात हे माहीत असलेलं माणूस ते एकच.

तर हे असंच चाललं असतं. पण त्र्याण्णवच्या गणपतीत सोसायटीच्या मांडवात खडप्यांचा तोल गेला. विषय मोदकांचा चालला होता, तो त्यांनी सुशीवर नेला.

"अहो, काय सांगू! जिभेवर ठेवली की विरघळते. आपल्या डोंबिवलीत एवढी माणसं, पण सुशी म्हणजे काय ते एकाला ठाऊक असेल तर शपथ!"

समोर बाळ कारखानीस बसले होते. हे खडप्यांचे शेजारी, भिंतीला भिंत. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले आणि तेव्हापासून लोकांच्या कामात लक्ष घालायला मोकळे. शिवाय कायस्थ, म्हणजे मासे हा विषय आपल्या घरचा, अशी त्यांची भावना. सुशी या नावावरून जे जे विनोद सुचू शकतात ते सगळे त्यांनी त्याच बैठकीत करून संपवले, तेव्हा आपण पुढे जाऊ.

"खडपे, नुसतं सांगता काय?" कारखानीस म्हणाले. "स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरीच बसलाय. खाली तुमचा गाळा रिकामा पडलाय. काढा की जपानी हॉटेल!"

सगळा मांडव खडप्यांकडे बघायला लागला. भजनी मंडळाच्या कलावतीबाई ठोसर झांजा खाली ठेवून बघायला लागल्या. अशा वेळी शहाण्या माणसाने आरतीची वेळ झाली म्हणून उठावं. खडपे म्हणाले, "काढणारच आहे! फॅमिली रेस्टॉरंट. तुम्हीच आधी विचारलंत एवढंच."

मंदाकिनीबाईंनी घरी गेल्यावर फक्त एक प्रश्न विचारला. "अहो, चव कोण बघणार?"

"अगं, मालक चव बघत बसला तर धंदा कोण करणार?" खडपे म्हणाले आणि कुशीवर वळले.

सल्ल्यांना काय तोटा! सोसायटीत कुणाच्या सात पिढ्यांत हॉटेल निघालं नव्हतं, पण हॉटेल कसं काढावं हे प्रत्येकाला कळत होतं. एकजण म्हणाला, बटाटेवडा ठेवा, जपानी चालो न चालो. दुसरा म्हणाला, बटाटेवडाच ठेवा. कलावतीबाईंनी बजावलं की चपला बाहेर काढायला लावा, निदान तेवढं तरी पवित्र राहील. हा सल्ला नेमका जपानी रीतीत बसत असल्यामुळे खडप्यांनी तो ताबडतोब मान्य केला आणि त्यामुळे बाकीच्यांना चेव आला.

मग घोडं अडलं परवान्यापाशी. कचेरीतल्या साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

"कच्चा मासा विकणार?"

"विकणार नाही साहेब, वाढणार."

"कच्चा म्हणजे मासळी बाजार. ओटा मिळतो का बघा. शिजवणार असाल तर हॉटेल."

"साहेब, भात शिजवलेलाच असतो."

"आणि वर?"

"वर कच्चा."

"म्हणजे खालून हॉटेल आणि वरून बाजार! असा परवाना आमच्याकडे निघत नाही हो. आणि हे काय, 'टेबलात तवा'? गिऱ्हाइकाच्या पुढ्यात जाळ कशाला? जेवायला बोलावताय की होमाला?"

खडप्यांनी हिबाची समजावून सांगितली. माणसं टेबलाभोवती बसतात, मधे तापलेला पत्रा असतो, आचारी समोरच भाज्या नि कोळंबी परततो आणि परतता परतता हवेत उडवतो. हे त्यांनी ओसाकात एका हॉटेलाच्या काचेबाहेर उभं राहून, खिशातला चिवडा खात पाहिलं होतं. पण काचेचा भाग त्यांनी साहेबांना सांगितला नाही. साहेब म्हणाले, उडवायचं असेल तर सर्कसवाल्यांचा कारकून वेगळा बसतो. शेवटी कारखानिसांचा अनुभव कामी आला. त्यांनी अर्जात सुशी 'थंड पदार्थ' या सदरात, आइस्क्रीम आणि कोकम सरबताच्या मधोमध बसवली, हिबाचीला 'मोठा तवा' केलं आणि परवाना निघाला. खडप्यांच्या स्वाभिमानाला ते लागलं. ज्या पदार्थासाठी जपानी माणूस जीव टाकतो तो सरबताच्या शेजारी बसवायचा म्हणजे काय!

सजावटीचं काम ठाण्याच्या टेंभी नाक्यावरच्या एका मंडपवाल्याकडे दिलं. जपानी काहीतरी करा म्हटल्यावर त्याने नवरात्रात उरलेला राजवाडा आणून उभा केला, त्याला आकाशकंदील टांगले आणि दारावर एक ड्रॅगन बसवला. ड्रॅगन पूर्वी कुठल्याशा देवीचा सिंह असावा, कारण त्याच्या आयाळीत अजून गुलाल होता. तवा एमआयडीसीतल्या एका वेल्डरने जाड पत्र्याचा करून दिला. आचारी म्हणून मिळाला गोविंदा. वय पन्नाशीचं, स्टेशनबाहेर भुर्जीची गाडी चालवलेला, उलथनं फिरवण्याचा भारी गर्व.

"मालक, टेन्शन नका घेऊ," तो म्हणाला. "जपान काय नि जव्हार काय, अंडं सगळीकडे सारखंच फुटतं."

मासे पुरवायला भागीरथी कोळीण ठरली. ही खाडीकडून टोपली घेऊन यायची, तिच्याकडची मासळी म्हणजे प्रश्नच नाही. खडप्यांनी तिला, मासा कच्चा वाढायचाय तेव्हा एकदम ताजा हवा, असं सांगितलं तेव्हा तिने टोपली खाली ठेवली आणि त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"कच्चा? का रं दादा, गॅस संपला का घरचा? माझं म्हावरं ताजं हाय, पन माझ्या म्हावऱ्याचं असं हाल करू नको रं."

उरला एक प्रश्न. सुशीला बाहेरून हिरवं-काळं काहीतरी गुंडाळलेलंही खडप्यांनी पाहिलं होतं. समुद्रातलं शेवाळ असतं म्हणे. ते डोंबिवलीत कुठून आणणार? खाडीतलं शेवाळ आणायला भागीरथीने साफ नकार दिला. तेव्हा खडप्यांना एकदम सुचलं. हिरवं मोठं पान, त्यावर सारण, गुंडाळी, सुरीने काप. अहो, म्हणजे अळूवडीच की!

"अहो, पण उकडाल ना?" मंदाकिनीबाई म्हणाल्या. "चिंच लावाल ना? नाहीतर खाजेल."

"मंदा, जपानी माणूस चिंच लावत नाही."

"जपानी माणूस अळू तरी लावतो का?"

यावर खडप्यांनी, बायकांना व्यापक दृष्टी नसते, अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटून विषय संपवला.

दिवाळीनंतर 'साकुरा जपानी फॅमिली रेस्टॉरंट'चं उद्घाटन झालं. मुहूर्त भटजींनी काढला होता आणि तो गुरुवारी निघाला होता. मासळीचं हॉटेल गुरुवारी उघडायचं हे भटजींना खटकलं नाही कारण ते स्वतः खाणार नव्हते, आणि खडप्यांना खटकलं नाही कारण त्यांना फक्त नारळ दिसत होता. अख्खी सोसायटी चपला काढून आत आली, मांडी घालून बसली, बशा पुढे आल्या, आणि एकेक करून सगळ्यांना दत्तगुरू आठवले. कुणी बशीला हात लावेना.

"आम्हाला नाही वार," कारखानीस पुढे सरसावले. "आम्ही वार करतो ते सुरमईवर! पण खडपे, मालकाच्या हातून आधी सुरुवात होऊ द्या. कसं खायचं ते तरी बघू आम्ही."

खडप्यांच्या तोंडचं पाणी पळालं. समोर कच्चा मासा, भोवती शंभर डोळे. हा घास घशाखाली गेला नाही तर दहा वर्षांचा जपान गटारात जाणार. आणि ऐनवेळी त्यांनाही दत्तगुरूच पावले.

"छे छे! आज माझाही गुरुवार."

मग कारखानिसांनी एकट्याने खाल्ली. पहिल्या क्षणी मान डोलावली. दुसऱ्या क्षणी त्यांची मान डोलायची थांबली. मग त्यांनी घसा खाकरला, मग तो खरवडायला लागले, मग डोळ्यांतून पाणी, आणि मग हा सत्तर किलोचा माणूस 'चिंच, चिंच' असं ओरडत अनवाणी जिना चढून घरी पळाला. शनिवारी त्यांचा आवाज परत आला, तेव्हा त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: "काय हो खडपे, ओसाकात अळू उगवतो?"

"डोंगराळ भागात," खडपे म्हणाले. पण त्या दिवसापासून सुशीचं पान गेलं आणि नुसता मुटका आणि वर काप एवढंच राहिलं. आणि कारखानिसांच्या मनात संशय शिरला तो शिरलाच.

"बरं, आता खा की तुम्ही एक," ते शनिवारी म्हणाले.

"शनिवार मारुतीचा."

रविवारी कारखानीस पुन्हा आले. खडप्यांनी खंडोबा काढला. कुलदैवत कोकणातलं असताना खंडोबा कुठून आला म्हणता? तर मंदाकिनीबाईंच्या माहेरचा, नवस राहिला होता. मंदाकिनीबाईंनी तो तिथेच पहिल्यांदा ऐकला. सोमवार शंकराचा होताच, मंगळवार गणपतीचा. बुधवार हा पांडुरंगाचा असतो हे खडप्यांनी छातीठोकपणे सांगितलं. शुक्रवारी मात्र ते जरा अडकले. मग आठवलं की संतोषीमातेच्या शुक्रवारी आंबट चालत नाही आणि सुशीच्या भातात व्हिनेगर असतं. सुटलो म्हणून त्यांनी देवीला खरोखरीच हात जोडले.

हॉटेल चाललं का? चाललं की! पण कसं ते बघा. हिबाचीच्या टेबलाभोवती घरंच्या घरं येऊन बसायला लागली. गोविंदा तव्यावर कांदा टाकायचा, आणि आपल्या बायका ते शांतपणे बघतील होय? "अहो, आधी तेल तापू द्या." "मीठ शेवटी हो, पाणी सुटेल." "कोबी असा जाड चिरतात का?" गोविंदाने एकदा चिडून अंडं हवेत उडवलं ते कलावतीबाईंच्या पदरात पडलं. त्या उठल्या, त्यांनी पदर खोचला, त्याच्या हातातलं उलथनं घेतलं आणि स्वतःच परतायला लागल्या. त्या दिवसापासून ती रीतच पडली. बायका यायच्या, घरून मसाला आणायच्या, स्वतः परतायच्या, नवऱ्यांना नि पोरांना वाढायच्या आणि बाहेर जेवल्याचं समाधान घेऊन जायच्या. गोविंदा कोपऱ्यात उभा राहून गॅस कमी-जास्त करायचा.

सुशी मात्र काचेच्या कपाटात पडून राही. जो तो म्हणे, "खडपेकाका, आधी तुम्ही." खडपेकाका हात जोडून त्या त्या वाराचं दैवत सांगत. कपाट बंद करायच्या वेळी गोविंदा ती सुशी रव्यात घोळवून तळायचा आणि ती एवढ्या हातोहात खपायची की विचारू नका. पण तळलेली खाऊन कुणी जपानबद्दल बोलत नसे.

आणि घरी काय चाललं होतं? घरी मंदाकिनीबाईंनी वार काटेकोर पाळायला सुरुवात केली होती. म्हणजे नवऱ्याचे. खडप्यांच्या ताटात दोडका, पडवळ, मुगाची आमटी. आणि समोर बसून त्या स्वतः कुरकुरीत बोंबील मोडायच्या.

"अगं, एक तुकडी," खडपे हळूच म्हणायचे.

"अग्गोबाई! मंगळवार ना तुमचा? माझ्या हातून पाप नको."

एकदा ते भागीरथीच्या टोपलीपाशी नुसते वास घेत उभे राहिले, तर तिनेच त्यांना हाकललं. "दादा, तू देवमानूस, तुला शिवायला नको रं!" दिवाळीपासून माघ येईपर्यंत या माणसाच्या पोटात मासा गेला नाही. अंगावरचे सदरे ढगळ झाले, गालांची हाडं वर आली. लोकांना ते तेज वाटलं.

हो, तेज! कलावतीबाईंनीच ते पहिल्यांदा ओळखलं. "अहो, मासळीच्या हॉटेलात बसून सातही वार पाळतात! समोर सुरमई असताना ढळत नाहीत. असं वैराग्य आजच्या काळात कुठं बघायला मिळतं?" मग काय, भजनी मंडळ गुरुवारी 'साकुरा'तच बसायला लागलं. ड्रॅगनला हार पडायला लागले. लोक जेवून उठताना खडप्यांच्या पाया पडायला लागले. कोपरकडून एक बाई तर मुलाच्या दहावीचं विचारायला आली. खडप्यांनी घाबरून, "अभ्यास करायला सांगा," म्हटलं, आणि बाई म्हणाली, "बघा, महाराज नेमकं बोलतात!"

खडप्यांना रात्रंदिवस एकच काळजी. जपान टिकवायला महाराज झालो, आता महाराजपद कसं उतरवायचं? ते उतरवलं तर सुशी खावी लागणार, आणि ती तोंडातून बाहेर आली तर दोन्ही पदव्या एकदम जाणार.

या सगळ्यावर कारखानीस नजर ठेवून होते. त्यांनी घाई केली नाही. सरकारी नोकरीत हेच शिकवतात. त्यांनी भजन संपल्यावर कलावतीबाईंना अगदी सहज म्हटलं, "वहिनी, एवढं कडक व्रत, पण त्याचं उद्यापन कधी? उद्यापनाशिवाय फळ कसं मिळणार?"

कलावतीबाईंनी कपाळावर हात मारला. "अगंबाई, खरंच की! आपण एवढे त्यांचं पुण्य बघतोय आणि कुणाच्या डोक्यात नाही आलं!"

दुसऱ्या दिवशी सगळं ठरलंसुद्धा. व्रत खडप्यांचं, पण त्यांना कुणी विचारलंच नाही. पूजा सोसायटीच्या हॉलमध्ये, आणि व्रत सोडायचं ते 'साकुरा'त. वर्गणी निघाली, मांडव पडला. भटजींना, मासळीच्या पदार्थाने व्रत सोडलेलं चालेल का, असं कारखानिसांनी विचारलं. भटजींनी बराच विचार केला.

"ज्याचा त्याग केला त्याचंच ग्रहण करून व्रत सोडावं, अशी रीत आहे," ते म्हणाले. "त्याग कशाचा केला यात मी पडत नाही. मी चहा घेऊन लांब बसेन."

खडप्यांच्या पायाखालची वाळू सरकली. ताप आलाय असं सांगावं, तर लोक अंगारा घेऊन येणार. गावाला जावं, तर स्टेशनवर निरोप द्यायला भजनी मंडळ येणार. त्यांनी बायकोला स्वयंपाकघरात गाठलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ बोलले, 'स्टमक'पासून काचेबाहेरच्या चिवड्यापर्यंत सगळं.

"मंदा, काहीतरी कर गं. मला नाही गिळवणार ते. माझी अब्रू जाईल, आणि तुझी खुर्चीही जाईल."

मंदाकिनीबाई पोळपाटावरून मान वर न करता म्हणाल्या, "दहा वर्षं मी तोंड उघडलं नाही. आता तुम्ही उघडा."

उद्यापनाचा रविवार उजाडला. हॉलमध्ये पूजा झाली. मग खडप्यांना गळ्यात हार घालून, टाळांच्या गजरात खाली आणलं. 'साकुरा'त पाऊल ठेवायला जागा नव्हती. मधोमध पाट, पाटाभोवती रांगोळी. भागीरथीने पहाटे आलेली सुरमई स्वतः आणून दिली होती आणि देवाचं काम म्हणून तिचे कापही स्वतःच करून दिले होते. गोविंदाने भाताचे मुटके वळून त्यांवर ते ठेवले होते. चांदीच्या ताटात केळीचं पान, पानावर सुशी. कलावतीबाईंनी ओवाळलं. भटजी लांब खुर्चीवर चहा पीत भिंतीकडे बघत होते. कारखानीस अगदी समोर बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर एवढी भक्ती कुणी कधी पाहिली नव्हती.

"घ्या खडपे," ते म्हणाले. "आणि घास घेतल्यावर आम्हाला एकच सांगा. ओसाकातल्या सुशीच्या मानाने ही कशी आहे?"

खडप्यांनी उत्तर आधीच पाठ केलं होतं. 'थेट ओसाकाची आठवण झाली.' एवढंच बोलायचं आणि डोळे मिटून गिळायचं. ओकारी आली तर भक्तीने गहिवरून आलं म्हणायचं. त्यांनी सुशी उचलली. मागच्या बायकांनी हात जोडले. त्यांनी डोळे मिटले, कुलदैवताचं, खंडोबाचं आणि घाईघाईत संतोषीमातेचंही नाव घेतलं, आणि घास तोंडात टाकला.

एकदा चावला. थांबले. पुन्हा चावला.

माघाच्या थंडीत धरलेली ती सुरमई, आणि कित्येक महिने दोडका-पडवळावर काढलेली ती जीभ! खडप्यांचे डोळे टक्क उघडले. भुवया वर गेल्या. चेहऱ्यावर असं काही पसरलं की भटजीसुद्धा कप खाली ठेवून बघायला लागले. ओसाकाची आठवण, पाठ केलेलं वाक्य, महाराजपद, जपान, सगळं त्या क्षणी डोक्यातून पार पुसून गेलं आणि हा माणूस भर सभेत, तोंडात घास तसाच ठेवून, लग्नानंतर कधी बोलला नव्हता इतक्या आनंदाने ओरडला,

"अगं मंदा, हे असं लागतं होय गं!"

टाळ थांबले. तव्यावर कुणाचा तरी कोबी करपायला लागला.

"म्हणजे हो?" कलावतीबाई म्हणाल्या.

कारखानीस सावकाश उठून उभे राहिले. "म्हणजे खडपे, आज पहिल्यांदा? मग दहा वर्षं आम्ही जे ऐकलं..."

आणि तेव्हा मंदाकिनीबाईंना हसू फुटलं. साधं नव्हे हो. पोट धरून, भिंतीला टेकून, डोळे पुसत, पुन्हा खडप्यांकडे बघून पुन्हा तसंच. इतकी वर्षं आत उठून जाऊन दाबलेलं ते सगळं हसू होतं. त्यांनी खुर्ची सोडली, सतरंजीवर बायकांच्या मधे बसल्या आणि 'स्टमक'पासून सुरुवात करून काचेबाहेरच्या चिवड्यापर्यंत सगळा जपान सांगून टाकला. सांगताना त्यात स्वतःचीही थोडी भर घातली. कलावतीबाई हसून हसून झांजांवर पडल्या. भागीरथी म्हणाली, "मंग एवढं दिस मी देवमानूस कुनाला म्हनत होते गं बाय?"

खडप्यांचे कान लाल झाले होते. लाज वाटत होती, फार वाटत होती. ज्या हसण्याच्या धास्तीने सात देव धरले ते हसणं आता चारी बाजूंनी अंगावर येत होतं. त्यांनी मान खाली घातली. खाली ताट होतं. मान तशीच खाली ठेवून त्यांनी दुसरी सुशी उचलली, मग तिसरी.

त्यांचं ते खाणं बघता बघता लोकांचं हसणं हळूहळू कमी झालं. आणि कारखानिसांचं बघा. एवढ्या महिन्यांची मेहनत फळाला आलेली, शत्रू पुढ्यात चारी मुंड्या चीत, आणि त्यांची नजर खिळली होती सुरमईच्या कापांवर. अखेर त्यांना राहवेना. ते खाली बसले, पुढे सरकले आणि त्यांनी हळूच ताटाकडे हात नेला.

"बघू हो, मलाही एक."

खडप्यांनी ताट ओढून मांडीवर घेतलं आणि डाव्या हाताने त्यावर आडोसा धरला.

"व्हा बाजूला," ते भरल्या तोंडाने म्हणाले. "वार मी पाळले."